अलर्ट मेलमध्ये वेळ चुकीची येतेय? साडेपाच तासांचा घोळ मुळापासून कसा शोधायचा

नाशिकच्या बाजूला एक द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे, त्यांच्या तापमानाच्या अलर्टचं काम मी बघतो. एका रात्री तिथे लाइट गेली, जनरेटर आपोआप चालू व्हायला हवा होता तो झाला नाही आणि एका खोलीचं तापमान मर्यादेच्या वर गेलं. मेल गेला, पण मेलच्या आत वेळ लिहिलेली होती रात्री ९:१०. सकाळी कुणीतरी त्या मेलचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, नऊ वाजता ड्युटीवर कोण होतं तर वॉचमन काका, झालं, सगळ्यांनी त्यांनाच धरलं की तुम्ही झोपला होतात का, फोन का नाही केला. काका सारखे सांगत होते की माझ्या पाळीत लाइट गेलीच नाही. पगार कापायची भाषा सुरू झाली. दुपारी माझ्याकडे फोन आला तेव्हा मूळ मेल उघडून बघितला, ती ९:१० यूटीसी होती (यूटीसी ही जगाची सामाईक प्रमाण वेळ, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे), म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे २:४०, आणि तेव्हा काका घरी होते, पाळी बदलून साडेचार तास झालेले.

तेव्हापासून मी ही गोष्ट फार मनावर घेतलीय. अलर्ट मेलमधली वेळ ही साक्ष असते, तिच्यावरून माणसाला जाब विचारला जातो, इन्शुरन्सचा क्लेम अडतो, सीसीटीव्हीचं फुटेज कुठल्या तासाचं काढायचं ते ठरतं. म्हणून हा लेख जरा लांब झालाय. कमांड आणि सेटिंगची नावं आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिलीयेत, टाइप करताना अर्थात इंग्रजीतच करा.

आधी ठरवा, नक्की कुठली वेळ चुकतेय

एका अलर्ट मेलमध्ये किमान चार वेगवेगळ्या वेळा असतात आणि लोक चारींना मिळून "मेलची वेळ" म्हणतात, इथेच निम्मा गोंधळ होतो. पहिली, घटना घडली ती वेळ, ही साधारण मेलच्या मजकुरात किंवा विषयात असते. दुसरी, मेल तयार झाला ती, मेलच्या हेडरमध्ये डेट नावाची ओळ असते तिच्यात. तिसरी, प्रत्येक मेल सर्व्हरने तो मेल हातात घेतला ती, रिसीव्हड नावाच्या ओळींमध्ये. चौथी, तुमच्या इनबॉक्समध्ये उजव्या बाजूला दिसते ती, आणि ही तुमचा फोन किंवा कॉम्प्युटर स्वतःच्या टाइमझोननुसार बदलून दाखवतो.

जीमेलमध्ये मेल उघडा, तीन टिंबांवर जा आणि मूळ मेल दाखवायचा पर्याय निवडा. तिथे डेटच्या ओळीत शेवटी +०५३० किंवा +०००० किंवा -०७०० असं काहीतरी दिसेल, तो आकडा म्हणजे मेल बनवणारं मशीन स्वतःला यूटीसीच्या किती पुढे किंवा मागे समजतंय ते. रिसीव्हडच्या ओळी खालून वर वाचायच्या, सगळ्यात खालची सगळ्यात जुनी. आता तीन गोष्टी कागदावर लिहा: मजकुरातली वेळ, डेटची वेळ शेवटच्या आकड्यासकट, आणि तुमच्याकडे मेल आला ती शेवटच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या रिसीव्हडची वेळ. खरंच लिहा हं, मनात ठेवलं की पाचव्या मिनिटाला आपण अधिक-उणे उलटं करतो.

हे लिहिलं की एक मोठा फाटा लगेच मिटतो, मेलमधली वेळ चुकीची आहे की मेलच उशिरा आलाय. डेट आणि शेवटच्या रिसीव्हडमध्ये वीस मिनिटांचं अंतर असेल तर मेल कुठेतरी रांगेत अडकला होता, झोनचा काही संबंध नाही. वर्डप्रेसवाल्यांनी तर हे आधी बघावं, कारण त्याचा अंगभूत क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम, साइटवर कुणीतरी आल्याशिवाय चालतच नाही, रात्री साइटवर कुणी फिरकलं नाही की रात्रीचा मेल सकाळी निघतो आणि लोक टाइमझोन बदलत बसतात.

मजकुरातली वेळ बरोबर पण इनबॉक्समध्ये दिसणारी चूक, असं असेल तर सगळ्यांनाच तशी दिसते का ते विचारा. एकट्यालाच दिसत असेल तर त्याच्या मशीनचा झोन बघा. असेंबल केलेल्या पीसीवर हे फार होतं, विंडोज टाकताना झोन अमेरिकेचा पॅसिफिक राहतो आणि दुकानवाला झोन न बदलता नुसते काटे फिरवून भारतातली वेळ लावून देतो. भिंतीवरच्या घड्याळाशी जुळतं म्हणून कुणाला शंका येत नाही. पण त्या मशीनवरून मेल निघाला की डेटमध्ये सकाळचे ९:१५ आणि पुढे -०८०० जातं, म्हणजे बाकीच्यांना तो मेल रात्री पावणेअकराचा, साडेतेरा तास भविष्यातला दिसतो. असे भविष्यातले मेल स्पॅम फिल्टरच्याही डोळ्यावर येतात. इलाज सोपा आहे, आधी झोन बदलायचा, मग घड्याळ नेटवरून आपोआप सेट होऊ द्यायचं, हाताने काटे फिरवायचे नाहीत.

फरक मोजा, तोच आकडा बोलतो

आता खरी वेळ आणि मेलमधली वेळ यातला फरक मिनिटापर्यंत मोजा. "चारपाच तास मागे आहे" असं चालणार नाही. भारताचा झोन अर्ध्या तासाचा असल्यामुळे आपल्याकडे हा आकडा फार स्पष्ट बोलतो.

बरोबर ५ तास ३० मिनिटं मागे: मेलमध्ये सरळ यूटीसी छापलं जातंय, शंभरातल्या बहुतेक केसेस ह्याच. साडेपाच तास पुढे: कुणीतरी दोनदा बदललंय, डेटाबेसने एकदा यूटीसीचं भारतीय केलं आणि कोडमध्ये परत ५:३० मिळवले. ११ तास मागे असेल तर चिन्ह उलटं पडलंय, हे खूप जणांना माहीत नसतं म्हणून सविस्तर सांगतो. युनिक्सची जुनी पॉझिक्स पद्धत आहे तिच्यात ग्रीनिचच्या पश्चिमेला अधिक आणि पूर्वेला उणे लिहितात, त्यामुळे टीझेड ह्या झोनच्या सेटिंगमध्ये तुम्ही विश्वासाने यूटीसी+५:३० लिहिलं तर मशीन तुम्हाला पश्चिमेला, अटलांटिकपलीकडे नेऊन ठेवतं. ईटीसी/जीएमटी+५ ह्या नावांचंही तसंच उलटं. म्हणून आकडा लिहूच नका, आशिया/कोलकाता हे पूर्ण नाव लिहा.

अडीच तास पुढे म्हणजे चीनची वेळ, हे डीव्हीआर (सीसीटीव्हीचा रेकॉर्डर), बायोमेट्रिक हजेरी मशीन, स्वस्तातले सेन्सर यांच्यात दिसतं कारण बऱ्याचदा फॅक्टरी सेटिंग जीएमटी+८ असतं. दीड तास मागे दुबई. साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे न्यूयॉर्क, साडेबारा किंवा साडेतेरा कॅलिफोर्निया. आणि हा फरक मार्च ते नोव्हेंबर एक आणि नंतर दुसरा असा असेल तर अमेरिकेचा झोन नक्की, तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. लंडनचा सर्व्हर असेल तर हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार, आणि हा सगळ्यात फसवा, कारण हिवाळ्यात तो यूटीसीसारखाच वागतो, तुम्ही ५:३० मिळवून मोकळे होता आणि मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर सगळे अलर्ट एक तास पुढचे दाखवायला लागतात.

अर्धा तासच मागे असेल तर कुणीतरी ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, पूर्णांकात ठेवलाय, साडेपाचचे पाच झालेत. साडेतीन तास मागे असेल आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर त्याच्या डिफॉल्ट यादीत आयएसटी म्हणजे इस्रायल स्टँडर्ड टाइम धरलाय, यूटीसीच्या दोनच तास पुढे. आयएसटी ही तीन अक्षरं भारत, इस्रायल आणि आयर्लंड तिघंही वापरतात, जावामध्ये तीच अक्षरं भारत समजली जातात, त्यामुळे एकाच कंपनीतले दोन प्रोग्राम एकाच शब्दाचे दोन अर्थ लावू शकतात. कॉन्फिगमध्ये आयएसटी लिहिणं आजपासून बंद करा, मेलमध्ये माणसांना वाचायला चालेल.

आणि माझा सगळ्यात आवडता आकडा, २३ मिनिटं. वेळ २३ मिनिटं मागे येत असेल तर पायथॉनमधली पायटीझेड ही टाइमझोनची लायब्ररी चुकीच्या पद्धतीने वापरलीय, दुसरीकडे शोधूच नका. कारण मजेशीर आहे. टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये कोलकात्याच्या नोंदीत अगदी जुनी स्थानिक वेळही आहे, ५ तास ५३ मिनिटं २८ सेकंद. पायटीझेडचा झोन डेटटाइमला सरळ चिकटवला की ते यादीतली ही पहिलीच नोंद उचलतं, ५:५३ धरतं आणि तुमचा ९:१५ चा अलर्ट शेवटी ८:५२ चा होऊन येतो. लोकलाइझ वापरा, किंवा पायथॉन ३.९ पासून आलेलं झोनइन्फो वापरा, त्यात ही भानगड नाही.

जाता जाता, खूप जण विचारतात की यादीत मुंबई का नाही, पुणे का नाही. सगळ्या भारताला एकच नोंद आहे, कोलकाता, जुन्या सिस्टीममध्ये कलकत्ता असेल तरी चालतं, दोन्ही एकच. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखावृत्तावरची वेळ भारताची प्रमाण वेळ झाली तरी मुंबईने स्वतःची वेळ, ३९ मिनिटं मागची, १९५५ पर्यंत धरून ठेवली होती.

अजून काही खुणा. बरोबर बारा तासांचा फरक असेल तर झोन नाही, फॉरमॅट चुकलाय, २४ तासांच्या ऐवजी १२ तासांचं अक्षर वापरलंय आणि एएम-पीएम छापलंच नाही. पीएचपीमध्ये मिनिटासाठी आय अक्षर आहे आणि एम म्हणजे महिना, ते उलट झालं की मार्चभर सगळे अलर्ट ९:०३, १४:०३, २२:०३ असेच येतात. डिसेंबरच्या शेवटच्या काही दिवसांत वर्ष अचानक पुढचं दिसलं तर जावाच्या किंवा अ‍ॅप्स स्क्रिप्टच्या फॉरमॅटमध्ये वर्षासाठी कॅपिटल वाय टाकलाय, ते आठवड्याचं वर्ष असतं, स्मॉल वाय टाका. आणि मेलमध्ये १ जानेवारी १९७०, सकाळचे ५:३० आले तर झोन अगदी बरोबर आहे, वेळेचा आकडाच शून्य किंवा रिकामा आलाय, तो का रिकामा आला ते शोधा.

घड्याळच चुकलंय का

फरक ७ मिनिटं, १९ मिनिटं असा आडवातिडवा असेल आणि दर आठवड्याला वाढत असेल तर झोनला हात लावू नका, घड्याळ सरकतंय. लिनक्सवर टाइमडेटसीटीएल टाइप करा, त्यात लोकल टाइम, युनिव्हर्सल टाइम, झोन आणि घड्याळ सिंक्रोनाइझ आहे की नाही सगळं एका जागी दिसतं. युनिव्हर्सल टाइमच चुकीचा असेल तर एनटीपी, म्हणजे नेटवरून घड्याळ मिळवायची सोय, बंद आहे. एनटीपी फक्त यूटीसी देतं, त्याला झोन कळत नाही, म्हणून "एनटीपी चालू केलं तरी साडेपाच तास मागेच आहे" ही तक्रार बरोबर असूनही एनटीपीचा दोष नसतो.

सर्व्हर कुठला द्यायचा तर भारतातले सरकारी आहेत, एनआयसी या सरकारी आयटी संस्थेचे समय१ आणि समय२, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा, जी आपली प्रमाण वेळ सांभाळते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांमध्ये सर्व्हरची घड्याळं यांच्याशी किंवा यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी मिळवायला सांगितलीयेत, लॉग १८० दिवस ठेवायचेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. सहा तासांतले साडेपाच तास झोनच्या घोळात गेले तर काय उरतं बघा.

डीव्हीआरची तारीख लाइट गेल्यावर प्रत्येक वेळी जुन्या वर्षावर जात असेल तर आतला नाण्यासारखा सेल संपलाय, नवीन टाका. मग मेनूमध्ये झोन जीएमटी+०५:३० करा, एनटीपी चालू करा आणि डीएसटीची (उन्हाळी वेळेची) खूण काढा, भारतात ती लागत नाही. आयपी कॅमेऱ्यांचं घड्याळ वेगळं असतं हे विसरू नका, रेकॉर्डर दुरुस्त केला तरी फोटोवर छापलेली वेळ कॅमेऱ्याची असू शकते. लिनक्स आणि विंडोज दोन्ही टाकलेलं मशीन असेल तर विंडोज मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळ समजतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणून सिस्टीम बदलली की वेळ उडी मारते.

सर्व्हर, क्रॉन, डॉकर

इथे माझं ठाम मत आहे: सर्व्हर यूटीसीवर असेल तर त्याला तसाच राहू द्या. पुष्कळ जण टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन करून लगेच आशिया/कोलकाता करतात, मेल बरोबर यायला लागतो, खूश होतात आणि दोन दिवसांनी कळतं की जुने लॉग एका वेळेत आणि नवीन दुसऱ्या वेळेत आहेत, रात्री २ चा बॅकअप आता भलत्याच वेळी चालतोय. एकच छोटं मशीन असेल, त्यावर एकच काम चालत असेल, तर बदला हरकत नाही, पण बदलल्यावर क्रॉन आणि तुमचं अ‍ॅप्लिकेशन दोन्ही रीस्टार्ट करा, कारण चालू असलेला प्रोग्राम झोन एकदा वाचून ठेवतो आणि जुन्याच झोनमध्ये राहू शकतो.

क्रॉन हा वेगळा मुद्दा आहे, तिथे मेलमधली वेळ नाही तर मेल निघायची वेळ चुकते. सर्व्हर यूटीसीवर असताना सकाळी ९ ला रिपोर्ट हवा तर ३:३० लिहावं लागतं. रेड हॅटच्या बाजूच्या लिनक्समध्ये क्रॉनटॅबच्या वर क्रॉन_टीझेड लिहून हे टाळता येतं, डेबियनच्या जुन्या क्रॉनवर मात्र त्याच्या भरवशावर राहू नका. सिस्टमडीच्या टायमरमध्ये वेळेच्या पुढे झोनचं नाव लिहिता येतं, जेनकिन्समध्ये शेड्यूलच्या पहिल्या ओळीत टीझेड देता येतो. अ‍ॅमेझॉनच्या इव्हेंटब्रिजचे जुने नियम यूटीसीतच चालतात, २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या शेड्युलरमध्ये झोन निवडता येतो.

डॉकरमध्ये फसायला होतं ते असं. होस्ट, म्हणजे मूळ मशीन, भारतीय वेळेवर आहे म्हणून त्यातला कंटेनर, म्हणजे प्रोग्रामचा स्वतंत्र डबाही असेल असं वाटतं, पण कंटेनर स्वतःचा झोन घेऊन येतो आणि तो बहुतेक यूटीसी असतो. मग टीझेड आशिया/कोलकाता देतो, तरी फरक पडत नाही आणि कुठे एररही येत नाही. कारण अल्पाइन किंवा उबंटूच्या मूळ इमेजमध्ये टीझेडडेटा हे झोनच्या माहितीचं पॅकेजच नसतं, झोनचं नाव सापडलं नाही की सिस्टीम गुपचूप यूटीसी धरते. उबंटूच्या कंटेनरमध्ये डेट कमांड दिलीत आणि आयएसटीच्या जागी नुसतं "आशिया" छापलं गेलं तर समजा हेच झालंय. पॅकेज टाका, इमेज परत बनवा.

डेटाबेस

इथे घाई करू नका. मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प आणि डेटटाइम हे दोन प्रकार दिसायला सारखे, वागायला वेगळे. टाइमस्टॅम्प आत यूटीसीत साठवतो आणि दाखवताना कनेक्शनच्या झोननुसार बदलतो, डेटटाइम दिलं ते तसंच ठेवतो, त्याला झोन माहीतच नसतो. म्हणजे डेटटाइमच्या कॉलममध्ये एका प्रोग्रामने भारतीय वेळ लिहिली आणि दुसऱ्याने यूटीसी लिहिली तर नंतर नुसतं बघून कुठली कुठली ते सांगता येत नाही. त्यामुळे पहिलं काम, नाऊ आणि यूटीसी_टाइमस्टॅम्प दोन्ही एकाच क्वेरीत मागवा, सोबत ग्लोबल आणि सेशनचा टाइम_झोन, आणि ही क्वेरी तुमच्या स्क्रीनवरून नाही तर मेल पाठवणाऱ्या प्रोग्राममधूनच चालवा. माझ्या स्क्रीनवर बरोबर आणि मेलमध्ये चूक असं होतं ते दोघांची सेशन वेगळी असतात म्हणून.

कन्व्हर्ट_टीझेडला आशिया/कोलकाता दिलं आणि उत्तर नल आलं तर झोनचे टेबल भरलेले नाहीत, मायएसक्यूएल_टीझेडइन्फो_टू_एसक्यूएल वापरून ते भरावे लागतात, किंवा भारतापुरतं +०५:३० दिलं तरी चालतं कारण आपल्याकडे उन्हाळी-हिवाळी वेळ नाही. पोस्टग्रेसमध्ये झोनसकटचा टाइमस्टॅम्प वापरा. तिथलं "अ‍ॅट टाइम झोन" दोन्ही दिशांना चालतं, झोनसकटच्या वेळेला लावलं तर स्थानिक वेळ काढून देतं आणि बिनझोनच्या वेळेला लावलं तर ती त्या झोनची आहे असं समजून यूटीसीकडे नेतं, त्यामुळे कॉलमचा प्रकार न बघता लावलं की साडेपाच तास भलत्याच बाजूला जातात.

कोडमध्ये बघायच्या जागा

नियम एकच धरा, आत सगळीकडे यूटीसी आणि मेलचा मजकूर बनवताना शेवटच्या ओळीत एकदाच बदल. कोडमध्ये १९८०० हा आकडा शोधा, साडेपाच तासांचे सेकंद, तो जिथे जिथे सापडेल तिथे आधी कुणीतरी ठिगळ लावलंय. दोन ठिकाणी सापडला तर तुमचा साडेपाच तास पुढचा मेल तिथून येतोय.

पीएचपीमध्ये वेबसाठीची आयएनआय फाइल वेगळी आणि कमांड लाइनची वेगळी असते, त्यामुळे ब्राउझरमध्ये बरोबर आणि क्रॉनने पाठवलेल्या मेलमध्ये चूक असं होतं. लॅराव्हेलमध्ये कॉन्फिग बदलून कॅश परत बनवली नाही तर जुनाच झोन चालू राहतो. वर्डप्रेसमध्ये सेटिंगमध्ये शहराचं नाव निवडा आणि प्लगइन लिहिणाऱ्याने साध्या डेटऐवजी डब्ल्यूपी_डेट वापरलंय का बघा, वर्डप्रेस आत पीएचपीला यूटीसीवरच ठेवतो. पायथॉनमध्ये यूटीसीनाऊ काढून टाका, ते यूटीसीची वेळ देतं पण ती यूटीसी आहे हे सोबत सांगत नाही, पुढचा कोड तिला स्थानिक समजतो, आवृत्ती ३.१२ पासून ते कालबाह्य ठरवलंय. जावास्क्रिप्टमध्ये नुसती तारीख दिली तर यूटीसीची मध्यरात्र धरली जाते आणि तारखेसोबत वेळ दिली तर स्थानिक, हा भेद डोक्यात ठेवा.

गुगल शीटवरून मेल पाठवणारे आपल्याकडे भरपूर आहेत, क्लासवाले, सोसायटीचे सेक्रेटरी, छोटे दुकानदार, त्यांच्यासाठी: शीटचा झोन वेगळा असतो आणि अ‍ॅप्स स्क्रिप्टच्या प्रोजेक्टचा वेगळा. शीटचा फाइल मेनूच्या सेटिंगमध्ये, स्क्रिप्टचा प्रोजेक्ट सेटिंगमध्ये. दोन्ही कोलकाता करा आणि मेलमध्ये तारीख सरळ जोडू नका, युटिलिटीज फॉरमॅटडेट वापरून झोनचं नाव स्पष्ट द्या. सकाळी ९ चा ट्रिगर ९ ते १० मध्ये कधीही उडतो, ती चूक नाही.

तयार सिस्टीमचे अलर्ट असतील तर थोडक्यात. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवॉचचे मेल यूटीसीतच येतात, हवं तर मध्ये लॅम्बडा (अ‍ॅमेझॉनवर चालणारा छोटा कोड) ठेवून मजकूर स्वतः बनवा. प्रोमिथियस ही सर्व्हरवर लक्ष ठेवणारी सिस्टीम आत सगळं यूटीसीत ठेवते, तिच्या अलर्टमॅनेजरच्या टेम्पलेटमध्ये स्टार्ट्सअ‍ॅटला, म्हणजे अलर्ट सुरू झाल्याच्या वेळेला, १९८०० सेकंद मिळवून भारतीय वेळ काढता येते, पण मग पुढे छापलेलं यूटीसी हे अक्षर काढायला विसरू नका, नाहीतर वेळ भारतीय आणि लेबल परदेशी.

तारखेचा घोळ

वेळेपेक्षा हा जास्त नुकसान करतो. रात्री १२ ते पहाटे ५:३० या काळात आपल्याकडची तारीख आणि यूटीसीची तारीख वेगळी असते. "कालचा रिपोर्ट" १५ मार्चच्या रात्री २ ला निघतो, यूटीसीत तेव्हा १४ मार्चच्या रात्रीचे साडेआठ वाजलेत, तर प्रोग्रामच्या दृष्टीने काल म्हणजे १३. तुम्हाला परवाचा रिपोर्ट येतो आणि वर तारीखही १३ असते म्हणून लोकांना वाटतं एक दिवस डेटाच आला नाही. दुसरा प्रकार अजून लपलेला, तारीख बरोबर पण दिवसाची हद्द चुकलेली, यूटीसीचा दिवस आपल्या पहाटे ५:३० ला सुरू होतो. दूध संकलन केंद्राची पहाटे पाचपासून नोंद असेल तर पहिल्या अर्ध्या तासाचे लिटर आदल्या दिवसात जातात, महिन्याची बेरीज जवळपास जुळते आणि रोजची जुळत नाही. दिवसाची सुरुवात भारतीय मध्यरात्र धरायची आणि तिचं यूटीसी, म्हणजे आदल्या दिवशीचे १८:३०, काढून मग क्वेरीत द्यायचं.

तपासायचं कसं, आणि मेलमध्ये काय लिहायचं

दुपारी तीनला टेस्ट मेल टाकून बरोबर आला म्हणून काम संपवू नका, दुपारी तारीख कधी चुकतच नाही. रात्री १२:१०, पहाटे ५:१० आणि ५:४० अशा तीन वेळांच्या खोट्या घटना टाका, प्रोग्रामला वेळ बाहेरून देता येत असेल तर जागायची गरज नाही. तिन्हींची तारीख एकच आली पाहिजे. परदेशात कुणी वाचणारं असेल, न्यूजर्सीतला क्लायंट म्हणा, तर त्याच्यासाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारच्या आधीची आणि नंतरची अशी दोन टेस्ट करा आणि त्याच्या झोनसाठी ईएसटी नाही, अमेरिका/न्यूयॉर्क लिहा, ईएसटी उन्हाळ्यातही पाच तास मागेच राहतं.

मेलमध्ये मी आता घटना कधी घडली आणि मेल कधी बनला या दोन वेळा वेगळ्या लिहितो, महिना अक्षरात लिहितो कारण ०३-०४ कुणी ३ एप्रिल वाचतं तर कुणी ४ मार्च, तास २४ चे, आणि पुढे ऑफसेट कायम: "१५ मार्च, ०२:४० भारतीय वेळ +०५:३०". विषयाच्या ओळीतही हेच टाका, कारण ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरतो तेव्हा हेडर कुणी बघत नाही.

जुन्या नोंदींचं काय करायचं, तर त्या सरसकट साडेपाच तासांनी सरकवू नका, काही बरोबर असतील त्याही बिघडतील. दुरुस्ती ज्या क्षणी केली तो क्षण लिहून ठेवा, त्याच्या आधीच्या नोंदींवर वेगळी खूण करा आणि वापरणाऱ्यांना एक साधा मेल पाठवून सांगा की या तारखेच्या आधीचे अलर्ट यूटीसीत आहेत. कोल्ड स्टोरेजमध्ये मी तसंच केलं, आणि त्या रात्रीच्या मेलच्या हेडरचा प्रिंट काढून ९:१० च्या शेजारी पेनाने २:४० लिहून मालकांच्या टेबलावर ठेवला. काकांना त्यांनी त्याच संध्याकाळी बोलावून घेतलं.